कपडे त्यांचे, सोंग आपलं

डिसेंबर लागला की आपल्याकडे घरोघरी एकच धांदल उडते. शाळेचं गॅदरिंग! वर्गावर्गात नाच बसवायला सुरुवात होते, मुलं घरी येऊन चिठ्ठी हातात ठेवतात आणि आयांची पळापळ सुरू होते. कुणाला कोळणीची साडी हवी, कुणाला शेतकऱ्याचं धोतर-मुंडासं, कुणाला बंजारा घागरा. तालुक्याच्या गावात ड्रेपरीची दुकानं असून असून असणार किती? दोन नाही तर तीन. तिथे जायला उशीर झाला की हाती लागतो तो उरलासुरला, उसवलेला ड्रेस. मग शेजारणीकडे, जावेकडे, मैत्रिणीच्या मैत्रिणीकडे शोधाशोध. हे सगळं आपण हौसेनं करतो आणि करावंही. आपलं लेकरू पाच मिनिटं स्टेजवर दिसणार, त्याचं कौतुक कुणाला नसतं?

पण या चिठ्ठ्यांमध्ये एक चिठ्ठी हमखास असते. ‘आदिवासी नृत्य : काळी बनियन, काळी चड्डी, आंब्याच्या पानांची माळ, कोंबडीची पिसं, पुठ्ठ्याचा भाला.’ खाली टीप असते, ‘चेहरा व हातपाय काळे करून पाठवणे.’ मग घरातल्या काजळाच्या डब्या रिकाम्या होतात, कुणी कोळसा उगाळतं. लेकरं नखशिखांत काळी होतात आणि लाल कागदाच्या शेकोटीभोवती ‘झिंगालाला’च्या तालावर उड्या मारतात. मधोमध एखाद्याला खांबाला बांधलेलं असतं आणि बाकीचे त्याला भाजून खायला निघालेले असतात. प्रेक्षक हसून हसून बेजार. बऱ्याचदा पहिलं बक्षीसही यालाच.

मैत्रिणींनो, आज मला याच चिठ्ठीबद्दल तुमच्याशी बोलायचंय. दुसऱ्या समाजाचा पोशाख आपण हौसेनं अंगावर चढवतो, तेव्हा तो ज्यांचा आहे त्यांना काय वाटत असेल, हा विचार आपल्या मनात येतो का?

पानं नेसणारी माणसं आहेत कुठे?

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. ‘झिंगालाला’ ही कुठल्याही आदिवासींची भाषा नाही. १९७८ साली आलेल्या ‘शालीमार’ या हिंदी सिनेमातल्या एका गाण्यात तो कोरस होता. सिनेमावाल्यांनी रचलेले ते शब्द आपल्या डोक्यात असे काही बसले, की आदिवासी म्हटलं की तोच आवाज कानात वाजतो.

खरे आदिवासी आपल्या अवतीभवतीच आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात त्यांची संख्या एक कोटी पाच लाखांच्या घरात होती. म्हणजे राज्यातल्या दर अकरा माणसांमागे जवळजवळ एक. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी, भिल्ल, पावरा, गोंड, माडिया, कोरकू, कोलाम, आंध... किती नावं घ्यायची? प्रत्येकाची बोली वेगळी, सण वेगळे, नेसण्याची तऱ्हा वेगळी. डहाणू-जव्हारकडच्या वारली बाईचं गुडघ्यापर्यंतचं लुगडं आणि सातपुड्यातल्या पावरा बाईचे चांदीचे जाडजूड दागिने यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आपण मात्र या सगळ्यांना मिळून एकच ड्रेस देऊन टाकला आहे. पानांचा!

वारली चित्रं आता आपल्या कुर्त्यांवर, चहाच्या कपांवर, दिवाणखान्याच्या भिंतींवर आली आहेत. ही कला जगभर नेणारे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या चित्रांत एक गोल गोल फिरणारी माणसांची साखळी असते, पाहिली असेल तुम्ही. तो तारपा नाच. वाळलेला भोपळा आणि बांबू यांपासून तारपा हे वाद्य बनवतात. ते वाजवणारा मधोमध असतो आणि बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फिरतात. तारपावाल्याकडे कधी पाठ करायची नाही, असा तिथला दंडक आहे. इतका देखणा, शिस्तीचा नाच हाताशी असताना आपल्या मुलांना आपण माणसं भाजून खाण्याचं नाटक शिकवतो, याला काय म्हणावं?

‘पुढच्या खेपेला साडी नेसून ये’

मी राहते खानदेशात, तालुक्याच्या गावी. शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत शंभरातली जवळपास ६९ माणसं आदिवासी होती. आमच्या गावात आदिवासी मुलींचं वसतिगृह आहे. आमच्या महिला मंडळाच्या आम्ही चौघीजणी महिन्यातून दोनदा तिथे जातो. कधी आरोग्यावर बोलतो, कधी इंग्रजीचा अभ्यास घेतो, कधी नुसत्याच गप्पा मारतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीतल्या एका मुलीची आई तिला भेटायला धडगावकडून आली होती. पावरा समाजाची बाई. पहाटे डोंगर उतरून, मग जीपनं, मग एसटीनं आलेली. अंगावर त्यांच्या पद्धतीचे कपडे, गळ्यात, हातांत आणि पायांत चांदी. लेकीसाठी भुईमुगाच्या शेंगा आणि चारोळीचं गाठोडं आणलेलं. मुलीनं आईला फाटकात पाहिलं आणि हाताला धरून सरळ इमारतीच्या मागच्या बाजूला नेलं. तिथेच दोघी बसल्या. आई गेल्यावर मी तिला विचारलं, “काय गं, आईला आत का नाही आणलंस? आम्हालाही भेटली असती.”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “ताई, शाळेच्या गॅदरिंगला ते नाच झालं ना, तेव्हापासून वर्गातली पोरं मला झिंगालाला म्हणतात. आईला बघितलं तर अजून म्हणतील. मी आईला सांगितलं, पुढच्या खेपेला साडी नेसून ये.”

पुढच्या खेपेला ती माउली खरंच साडी नेसून आली. गळ्यात एक काळी पोत सोडली तर दुसरं काही नव्हतं. लेकीच्या शिक्षणापुढे तिला चांदीचं काय एवढं! पण मला विचाराल तर त्या गॅदरिंगची खरी किंमत त्या बाईनं मोजली. पाच मिनिटांच्या नाचासाठी एका लेकीला आपली आई लपवावीशी वाटली.

आम्ही दोघीतिघी त्या शाळेत जाऊन बोललो. कुणाला दोष द्यायचा नव्हता. नाच बसवणाऱ्या मॅडम मनानं वाईट मुळीच नव्हत्या. त्या म्हणाल्या, “अहो ताई, गंमत असते ती. मुलांना त्यातलं काय कळतंय?” खरं तर मुलांनाच सगळं कळलं होतं. आदिवासी म्हणजे काळा, अर्धनग्न, रानटी, हसण्यासारखा माणूस, हे त्यांनी तीन आठवडे रोज तालमीत गिरवलं. पुस्तकातला धडा मुलं विसरतील, पण अंगावर रंग फासून शिकलेला धडा विसरणार नाहीत.

पिसांच्या टोपामागचा नवस

कुणी म्हणेल, ‘आदिवासी पिसं लावतात, अंग रंगवतात, हे खोटं आहे का?’ नाही, खोटं नाही. पण कुठे, कधी आणि कशासाठी, ते तर पाहूया.

नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यात काठी नावाचं गाव आहे. तिथली राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांतून हजारो माणसं रात्रभर जमतात, ढोल घुमत असतात आणि पहाटे होळी पेटते. या होळीत ‘बुध्या’ बनलेले पुरुष नाचतात. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरं, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी. बघताना डोळ्याचं पारणं फिटतं. पण ही काही हौसेनं केलेली वेशभूषा नसते. नवस बोललेला असतो, तो फेडण्यासाठी हा वेश घ्यायचा असतो. त्या दिवसांत पथ्यं कडक असतात. जमिनीवर झोपायचं, ब्रह्मचर्य पाळायचं. आपल्याकडे एखादी बाई सोळा सोमवार धरते किंवा वारकरी गळ्यात तुळशीची माळ घालतो, तशी ही गोष्ट आहे. माळ घालणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. उद्या कुणी गंमत म्हणून तुळशीची माळ घालून स्टेजवर दारुड्याचं काम केलं, तर आपल्याला चालेल का?

अशीच गोष्ट अमेरिकेतल्या मूळनिवासींची. त्यांच्यातल्या लाकोटासारख्या मैदानी प्रदेशातल्या जमातींमध्ये गरुडाच्या पिसांचा मोठा टोप असतो. त्यातलं पीस बाजारात विकत घ्यायचं नसतं. काही पराक्रम केला, समाजासाठी काही केलं, तर ते सन्मानानं मिळतं. सैनिकाच्या छातीवरचं पदक जसं, तसंच. २०१२ मध्ये ‘व्हिक्टोरियाज सिक्रेट’ या अंतर्वस्त्रांच्या कंपनीनं आपल्या फॅशन शोमध्ये एका मॉडेलला तसा टोप घालून रॅम्पवर चालवलं. मूळनिवासींनी तीव्र निषेध केला, तेव्हा कंपनीनं माफी मागितली आणि टीव्हीवर दाखवताना तो भाग काढून टाकला.

तिकडे ऑक्टोबरच्या शेवटी हॅलोविन नावाचा सण असतो. मुलं-मोठी माणसं नाना वेश करून फिरतात. आपल्या फॅन्सी ड्रेससारखंच. त्यात कुणी मूळनिवासी होतं, कुणी मेक्सिकन, कुणी अरब. २०११ मध्ये ओहायो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या एका गटानं याविरुद्ध पोस्टर्स काढली. प्रत्येक पोस्टरवर एक विद्यार्थी आणि त्याच्या हातात त्याच्याच समाजाची टिंगल करणारा वेश घातलेल्या माणसाचा फोटो. सांगणं एवढंच होतं, की आमची संस्कृती म्हणजे तुमचा फॅन्सी ड्रेस नव्हे. ही मोहीम खूप गाजली.

आणि अंग काळं करण्याबद्दल? २०१६ मध्ये डिस्नेनं ‘मोआना’ या कार्टूनपटातल्या माउई या पात्राचा मुलांसाठी ड्रेस बाजारात आणला होता. प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या पॉलिनेशियन लोकांचं हे दैवत. ड्रेस म्हणजे काय, तर अंगभर घालायची तपकिरी ‘कातडी’ आणि तिच्यावर गोंदणं. तिथल्या लोकांनी ठणकावून सांगितलं, ‘आमची कातडी हा कपडा नाही.’ डिस्नेनं माफी मागून तो ड्रेस मागे घेतला. आपल्या काजळाच्या डबीला हेच लागू होतं. सावळ्या रंगावरून आपल्याच मुलींना लग्नाच्या बाजारात काय काय ऐकावं लागतं, हे आपण बायकाच जाणतो. मग तोच रंग ‘रानटीपणा’ दाखवायला फासायचा, हे आपल्याला पटतं तरी कसं?

गरब्यात मिरवतो, एसटीत खुपतो

आता जरा आपल्या नवरात्राकडे वळूया. गरब्याला बंजारा घागऱ्याची मोठी क्रेझ असते. आरसे, कवड्या, नाणी, लोंबते गोंडे. दिसतोही किती सुंदर!

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. तिकडे तांडे खूप. लहानपणापासून लमाण बाया बाजारात येताना पाहिल्या आहेत. फेटिया म्हणजे घागरा, काचळी म्हणजे चोळी आणि वर भरतकामाची ओढणी. हे सगळं त्या हातानं शिवायच्या. एकेक काचळी म्हणजे कित्येक दुपारचं काम. केसांत घुगरी आणि टोपली हे दागिने असतात, ते लग्न झालेल्या बाईचं लेणं. आपलं मंगळसूत्र आणि जोडवी असतात ना, तसं. ड्रेपरीच्या पेटीतून कॉलेजच्या मुली तेच काढून केसांत अडकवतात, तेव्हा ते काय आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

इंग्रजांनी १८७१ साली एक कायदा केला आणि पुढे कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का पुसला गेला, म्हणून आपण त्यांना ‘विमुक्त’ म्हणतो. आपल्या राज्यात बंजारा समाज विमुक्त जातींतच मोडतो. कायदा गेला, पण लोकांच्या नजरा गेल्या का? गेल्या वर्षी माहेरी गेले होते, तेव्हा तांड्यावरच्या एका आजींशी बोलत बसले होते. त्या अजूनही तोच पोशाख करतात. म्हणाल्या, “आमच्या सुना आता हे घालत नाहीत, बाई. हे घालून दुकानात गेलं की दुकानदार आधी आपला माल सांभाळतो. एसटीत शेजारची जागा रिकामी राहते.”

आजींनी हे रागानं नव्हे, अगदी सहज सांगितलं. पण मला वाटतं, सगळा प्रश्न त्या एका वाक्यात आहे. जो पोशाख घातल्यामुळे तिला एसटीत शेजार मिळत नाही, तोच पोशाख घालून आपल्याला गरब्यात ‘बेस्ट ड्रेस’चं बक्षीस मिळतं. घागरा तोच, आरसे तेच. आपण रात्री अकराला तो काढून ठेवतो आणि पुन्हा आपण होतो. तिला मात्र तिची ओळख अशी काढून ठेवता येत नाही. शेवटी कंटाळून, लाजून ती तो पोशाखच सोडून देते.

कोळी डान्सचंही तेच. टोपली डोक्यावर घेऊन आपल्या मुली काय ठुमकतात! आणि खरी कोळीण पाटी घेऊन बसमध्ये चढली की नाकाला रुमाल लागतात.

याचं एक फार दुःखद उदाहरण परदेशातलं आहे. २०१८ मध्ये ‘गुची’ या इटालियन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये गोऱ्या मॉडेल्सच्या डोक्यावर शिखांसारखी पगडी ठेवली. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानात ती ७९० डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं ५० हजार रुपयांहून जास्त किमतीला विकायला आली. शीख समाज दुखावला, कारण त्या पगडीपायी त्यांनी काय सोसलं ते त्यांनाच ठाऊक होतं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी, अॅरिझोनातल्या मेसा शहरात बलबीरसिंग सोढी यांना त्यांच्या पेट्रोल पंपाबाहेर गोळ्या घालून मारण्यात आलं. दाढी आणि पगडी पाहून मारेकऱ्यानं त्यांना अरब मुसलमान समजलं. अरब मुसलमान असते तर मारणं योग्य ठरलं असतं, असं थोडंच आहे! पण एकाच्या डोक्यावर जी पगडी फॅशन, तीच दुसऱ्याच्या डोक्यावर जिवाशी गाठ. शेवटी त्या दुकानानं विक्री थांबवली आणि माफी मागितली.

मुसलमानांचा विषय निघालाच आहे तर तेही बोलून टाकते. आपल्या शाळांच्या देशभक्तीपर नाटुकल्यांमध्ये अतिरेकी दाखवायचा झाला की डोक्यावर जाळीची टोपी आणि खोटी दाढी लावतात. त्याच शाळेत, त्याच वर्गात बसणारं एखादं लेकरू शुक्रवारी तीच टोपी घालून वडिलांच्या बोटाला धरून नमाजाला जातं. त्याला त्या दिवशी काय वाटत असेल?

आपल्या नऊवारीवर आलं तेव्हा

‘एवढं काय मनाला लावून घ्यायचं?’ असं वाटत असेल, तर आपलेच दिवस आठवा. वर्षानुवर्षं हिंदी सिनेमात नऊवारी नेसलेली बाई म्हणजे घरकामाची बाई, हे ठरलेलं असायचं. तुटक हिंदी बोलणारी, भांडकुदळ, तिच्यावर सगळ्यांनी हसायचं. आपल्या आज्या-पणज्या नऊवारीत शेती करत होत्या, घरं चालवत होत्या. सावित्रीबाई नऊवारी नेसूनच शाळेत शिकवायला जायच्या. घरकाम करणं यात काही कमीपणा नाही. पण एका अख्ख्या समाजाच्या लुगड्याचं एकच हसरं चित्र करून टाकलं, की बोचतं. बोचायचं ना आपल्याला?

२०१५ मध्ये ‘बाजीराव मस्तानी’ सिनेमातल्या ‘पिंगा’ गाण्यावरून केवढं वादळ उठलं होतं! काशीबाई अशा नाचतील का, अशी साडी नेसतील का, म्हणून पेशव्यांच्या वंशजांपासून सर्वसामान्यांपर्यंत अनेकांनी आक्षेप घेतला. आणि जून २०२५ मध्ये तर ‘प्राडा’नं मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरी चपलांसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नव्हतं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळालेला. अख्खा महाराष्ट्र चिडला. त्यानंतर कंपनीनं भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली आणि २०२५ च्या अखेरीस महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला.

म्हणजे आपल्या वस्तूचं नाव न घेता कुणी ती वापरली, आपल्या वेशाची कुणी टिंगल केली, तर ते दुखतं, हे आपल्याला नीट कळतं. तीच कळ पावरा आईला, तांड्यावरच्या आजीला येत असेल, एवढंच लक्षात घ्यायचं.

मग काय घालूच नये का?

तसं मी अजिबात म्हणत नाही. माणसं एकमेकांचे कपडे घालतच आली आहेत. आपल्या अंगावरचा पंजाबी ड्रेसच बघा ना. नावातच पंजाब आहे! आपल्या आयांच्या पिढीत कॉलेजला घालायची परवानगी मागावी लागायची, आज सत्तरीतल्या सासूबाईसुद्धा प्रवासाला तोच घालतात. पंजाबी बायकांना त्याचं कधी वाईट वाटल्याचं ऐकलंय? नाही. कारण आपण तो सोयीचा, सुंदर पोशाख म्हणून स्वीकारला. पंजाबी बाईचं सोंग आणायला म्हणून तो कुणी घालत नाही. पोशाख आणि सोंग यांत फरक आहे तो इथे. पोशाख घातला की आपण आपणच राहतो, कपडा तेवढा त्यांचा असतो. सोंगात मात्र आपण ‘ते लोक’ बनतो. आणि ‘ते लोक’ कसे, हे आपणच ठरवतो, बहुतेक वेळा चुकीचं.

म्हणून मी माझ्यापुरत्या तीन-चार गोष्टी ठरवल्या आहेत, त्या तुम्हालाही सांगते. पहिली, नाव विचारायचं. ‘आदिवासी ड्रेस’ असं काही नसतं. वारली की पावरा, गोंड की कोरकू, ते ठरवायचं आणि मग तसंच करायचं. दुसरी, देवाधर्माची, नवसाची, सौभाग्याची किंवा सन्मानाची खूण असेल ती खेळात आणायची नाही. तिसरी, अंगाचा रंग बदलायचा नाही. नाच पायांनी होतो, काजळानं नाही. चौथी, शक्य तिथे वस्तू त्यांच्याकडूनच घ्यायची आणि घासाघीस न करता घ्यायची. बंजारा काम आवडतं ना, मग मशीनवरची नक्कल घेण्यापेक्षा तांड्यावरच्या बाईनं शिवलेली छोटी पिशवी घ्या. आणि सगळ्यात सोपी कसोटी, ज्यांचा पोशाख आहे ती माणसं पहिल्या रांगेत येऊन बसली तरी आपण हा नाच असाच करू का? उत्तर ‘नाही’ आलं, तर तो नाच करूच नये.

ज्या शाळेत आम्ही बोलायला गेलो होतो, तिथल्या मॅडमनी पुढच्या वर्षी एक छान गोष्ट केली. वसतिगृहातल्या मुलींच्या दोन आयांना आणि एका ढोल वाजवणाऱ्या काकांना बोलावून घेतलं. त्यांनी आठवडाभर मुलामुलींना होळीचा साधा नाच शिकवला. नवसाचा नाही, सगळ्यांनी मिळून फेर धरायचा तो. कुठला कपडा चालेल, कुठला दागिना नको, हेही त्यांनीच सांगितलं. गावातल्या आमच्या मुलांचे पाय पहिले तीन दिवस ढोलावर पडेचनात, तेव्हा वसतिगृहातल्या मुली हसत होत्या. हसण्याची पाळी त्यांची होती!

आईला इमारतीमागे नेणारी ती मुलगी काही नाचली नाही. “मला नको,” म्हणाली. पण निवेदन तिनं केलं. माइकसमोर उभी राहून एकेका दागिन्याचं नाव तिनं आपल्या बोलीत सांगितलं, मग मराठीत अर्थ सांगितला. आवाज सुरुवातीला कापत होता, नंतर सुटला. कुणी हसलं नाही. तिची आई त्या दिवशीही साडीच नेसून आली होती. एका गॅदरिंगनं सगळं बदलतं असं नाही. मोडायला पाच मिनिटं पुरतात, जोडायला वर्षं लागतात.

यंदाही चिठ्ठ्या येतील, मैत्रिणींनो. तुमच्या हातात ती काळ्या बनियनची चिठ्ठी पडली, तर भांडू नका, मुलाला नाचातून काढूही नका. दुसऱ्या दिवशी शाळेत जा आणि बाईंना एवढंच विचारा, “हा नाच नक्की कुणाचा आहे? आपण त्यांनाच बोलवू या का शिकवायला?” तुमच्याबरोबर आणखी दोघी आया आल्या तर फारच उत्तम. तालमी सुरू व्हायच्या आधी गेलात, तर बदलायला वेळही मिळतो.